झाकली मूठ आणि माळ्यावरची पेटी

झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो, ते बहुधा थट्टेने म्हणतो. मूठ उघडली तर आत काहीच नाही हे चारचौघांना कळेल, तेव्हा ती झाकलेलीच बरी, असा त्या म्हणीतला टोमणा आहे. परंतु हीच म्हण अक्षरशः खरी धरून तिच्यावर कोट्यवधी रुपयांची उलाढाल करणारे लोक अमेरिकेत आणि कॅनडात आहेत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. त्यांच्या मुठी म्हणजे खेळाडूंच्या चित्रपत्त्यांच्या, चाळीस-पन्नास वर्षे न फोडलेल्या पेट्या. या पेट्या फोडाव्यात की तशाच ठेवाव्यात, हा तिकडे मोठ्या वादाचा विषय आहे. तो वाद नीट समजून घेतला तर आपल्या शहापूर-बेळगावकडच्या जुन्या घरांतून पडून असलेल्या एका निराळ्याच पेटीविषयी आपल्याला काही ठरवता येईल, म्हणून हा प्रपंच.

पत्त्यांचा बाजार

हे पत्ते डाव मांडून खेळायचे नव्हेत. एका बाजूस खेळाडूचे चित्र, पाठीमागे त्याच्या पराक्रमाची माहिती, असा हा तळहाताएवढा पुठ्ठ्याचा तुकडा असतो. त्याचा जन्म तंबाखूच्या धंद्यात झाला. सिगारेटचे पाकीट मऊ. ते दबून आतला माल मोडू नये म्हणून त्यात एक जाड कागद घालीत. त्या कोऱ्या कागदावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी चित्रे छापायला सुरुवात केली, आणि चित्रांचा संच पुरा करण्याच्या नादाने गिऱ्हाइके त्याच छापाची सिगारेट ओढू लागली. इंग्लंडात क्रिकेटपटूंची अशी चित्रे निघाली, त्यांत आपले रणजितसिंहजीही होते. निपाणीच्या वखारी पाहिलेल्या वाचकांना तंबाखूचा व्यापारी किती हुशार असतो हे निराळे सांगायला नको.

पुढे सिगारेटची जागा च्युइंगगमने घेतली आणि हा नाद मोठ्यांकडून मुलांकडे गेला. मेणकागदाची एक लहान पुडी, तीत गमची एक पट्टी आणि दहा-पंधरा पत्ते. कोणते पत्ते निघतील हे पुडी फोडल्याशिवाय कळायचे नाही. आपल्याकडेही १९८० च्या दशकात बबलगमच्या वेष्टनाबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत, आणि ज्याच्याकडे एकाच फलंदाजाची चार चित्रे जमली तो दुसऱ्याच्या गोलंदाजासाठी काय अजीजी करी, हे त्या वयातून गेलेल्यांना आठवत असेल. आपल्याकडे ती चित्रे शाळेच्या दप्तरातच विरली. तिकडे मात्र काही दुकानदारांच्या तळघरात न खपलेल्या पेट्या तशाच राहून गेल्या.

अशीच एक मोठी पेटी कॅनडातील रेजायना शहरातल्या एका घरात सापडली. तिच्यात १९७९-८० सालच्या हॉकीपटूंच्या पत्त्यांचे १६ बंद डबे होते. ही हॉकी बर्फावरची. दर डब्यात ४८ पुड्या, दर पुडीत १४ पत्ते. हिशेब केला तर एकूण १०,७५२ पत्ते झाले. त्या वर्षीच्या संचात ३९६ निरनिराळे पत्ते होते आणि त्यांतला अठराव्या क्रमांकाचा पत्ता होता वेन ग्रेट्स्की या खेळाडूचा, त्याच्या कारकिर्दीच्या अगदी आरंभीचा. तोच पुढे त्या खेळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. सरासरीने पाहिले तर साऱ्या पेटीत त्याचे सत्तावीसच्या आसपास पत्ते असावेत. ही पेटी फेब्रुवारी २०२४ मध्ये लिलावात ३७ लाख २० हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३० कोटी रुपयांना गेली. घेणाऱ्याने आतला एकही पत्ता पाहिलेला नव्हता.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. याच ग्रेट्स्कीचा हाच एक पत्ता, दहापैकी दहा गुण मिळवलेला, २०२१ साली एकटाच ३७ लाख ५० हजार डॉलरला विकला गेला होता. म्हणजे एक निर्दोष पत्ता आणि दहा हजारांवर पत्त्यांची बंद पेटी यांचे मोल जवळपास सारखे. पेटी फोडली आणि आत असा एक जरी पत्ता निघाला तरी सारा खर्च भरून येईल. दोन निघाले तर... या 'तर'वरच तो सारा बाजार चालतो.

परंतु निर्दोष पत्ता निघणे ही साधी गोष्ट नाही. त्या कंपनीचे पत्ते कापतानाच कडांना खरखरीत होत, चित्र मध्यभागी न बसता एका अंगाला सरके. गमच्या पट्टीचा डाग शेजारच्या पत्त्यावर उठे, मेणकागदाचे मेण पाठीला लागे. पन्नास वर्षांच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात पत्ते एकमेकांना चिकटूनही बसतात. म्हणजे सत्तावीस ग्रेट्स्की निघाले तरी दहा गुणांचा एकही नसेल, अशीच शक्यता अधिक. आणि एकदा पेटी फोडली की ती पुन्हा बंद करता येत नाही. फोडणाऱ्याच्या हाती उरतो तो साध्या पत्त्यांचा ढीग. लॉटरीच्या तिकिटाची आशा सोडतीच्या दिवशी संपते; या पेटीची सोडत मात्र मालक म्हणेल त्या दिवशी, आणि तो ती पुढे ढकलीत राहिला तर आशा कधीच संपत नाही. लोक पैसे मोजतात ते या आशेचे.

जिथे आशा विकली जाते तिथे लबाडी येणारच. मेणकागदाची पुडी उष्णतेने उघडून, चांगला पत्ता काढून, तीच पुडी इस्त्री फिरवून पुन्हा चिकटवणारे महाभाग तिकडे आहेत. म्हणून बंद पेट्या तपासून त्यांवर खात्रीची मोहोर देणारे तज्ज्ञ निघाले. पण तेही बिचारे बाहेरूनच पाहणार! लोगन पॉल नावाच्या एका प्रसिद्ध अमेरिकन तरुणाने २०२१ च्या अखेरीस पोकेमॉन या खेळाच्या पत्त्यांची एक बंद पेटी, तशी मोहोर असलेली, ३५ लाख डॉलरला घेतली. पुढच्या जानेवारीत ती उघडली तेव्हा आत दुसऱ्याच, सैनिकी बाहुल्यांच्या पत्त्यांचे डबे निघाले. त्याचे पैसे पुढे परत मिळाले, परंतु धडा राहिला. मोहोर बाहेरच्या कागदाची असते, आतल्या मालाची नसते.

आणि एक उलट गोष्टही आहे. टॉप्स नावाच्या अमेरिकन कंपनीने १९५२ साली बेसबॉलचे पत्ते काढले. न खपलेल्या पेट्या वखारीत जागा अडवून बसल्या, तेव्हा १९६० साली त्या पडावात घालून न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवल्या, असे त्या पत्त्यांचे कर्ते साय बर्जर सांगत असत. त्याच संचातला मिकी मँटलचा एक पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. आज अडगळ वाटणारी वस्तू उद्या काय ठरेल हे तिच्या कर्त्यालाही सांगता येत नाही.

आपली बंद पेटी

आता आपल्या घराकडे वळू. खेळाडूंचे पत्ते आपल्या माळ्यावर सापडायचे नाहीत, पण तबकड्यांची पेटी सापडेल. फोनोच्या तबकड्या, रेकॉर्डी, ध्वनिमुद्रिका, ज्या नावाने आपल्या घरात त्यांना म्हणत असतील ते घ्यावे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि लगतचे बेळगाव इंग्रजी अमलात; एका वेशीच्या दोन बाजूंना दोन राज्ये. शहापुरात विणकरांचे माग आणि सराफांच्या पेढ्या. बेळगावात लष्करी छावणी आणि कचेऱ्या. एका अंगाला मिरज-सांगली-कोल्हापूर, दुसऱ्या अंगाला हुबळी-धारवाड, घाट उतरला की गोमंतक. अशा नाक्यावरच्या गावात गवई आणि नाटक मंडळ्या येत-जात राहिल्या, आणि ऐपतीच्या घरात चावीचा फोनोही आला. ती घरे आता पडत आहेत, वाटण्या होत आहेत, वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत. माळा रिकामा करताना भांडीकुंडी वाटून घेतली जातात. तबकड्यांची पेटी मात्र जड, धुळीने भरलेली आणि वाजवायला यंत्र नाही म्हणून शेवटपर्यंत तशीच राहते. मग जुन्या सामानाचा व्यापारी येतो आणि म्हणतो, "पेटीसकट देऊन टाका, उघडण्याची कटकट कशाला?"

इथेच पत्त्यांच्या बाजाराची आठवण ठेवावी. तिकडे बंद पेटीची किंमत उघड्या मालाहून अधिक येते, कारण घेणारा आशेचे पैसे मोजतो. इकडे गोष्ट नेमकी उलटी आहे. व्यापारी बंद पेटीला अडगळीचा भाव देतो, आणि आशा स्वतःकडे ठेवतो. म्हणून न उघडता पेटी विकणे हा आपल्यापुरता तरी निव्वळ तोट्याचा व्यवहार.

तर मग उघडल्यावर काय निघेल? खरे सांगायचे तर बहुधा तेच, जे शेजारच्या घरी निघाले. एका वर्षाच्या पत्त्यांत जसे साध्या खेळाडूंचे पत्तेच अधिक, तसे आपल्या पेट्यांत बालगंधर्वांची लोकप्रिय पदे, हिंदी चित्रपटांतली गाणी, भजने आणि विनोदी संवाद अधिक. ज्या तबकड्या खूप खपल्या त्याच घरोघर उरल्या. बालगंधर्वांचे मोल त्यामुळे तिळभरही कमी होत नाही. कमी होतो तो फक्त बाजारभाव.

आणि काही गोष्टी निघणारच नाहीत. "आमच्या आजोबांकडे अल्लादियाखाँसाहेबांची रेकॉर्ड होती हो," असे सांगणारे एखादे तरी घर दर गल्लीत भेटते. कोल्हापूर दरबारचे हे थोर गायक १९४६ साली वारले, पण त्यांनी आपला आवाज तबकडीवर दिला नाही. १९२२ साली गेलेले भास्करबुवा बखलेही आपल्याला केवळ त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून माहीत आहेत. आजोबांनी ज्यांची तबकडी घेतली ते बहुधा त्या घराण्यातले दुसरे कोणी असणार. ती आठवण खोटी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. पेटी उघडून खरे नाव काय ते पाहावे.

कारण जे निघू शकते तेही थोडे नाही. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान वगैरेंचे गाणे मुद्रित केले, तेथून आपल्याकडच्या तबकड्यांचा इतिहास सुरू होतो. आरंभीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह येथे कारखाना निघाला. त्या पहिल्या वर्षांतल्या तबकडीला एकाच बाजूस गाणे असते आणि दुसरी बाजू कोरी. गाणे संपताच गाणारी आपले नाव सांगते, ते छापखान्यातल्या परक्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून. अशी एखादी निघाली तर ती शंभरावर वर्षांची आहे असे समजावे. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँसाहेब १९३७ साली निवर्तले. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या त्यांच्या मूळ तबकड्या या भागातल्या पेट्यांत असणे स्वाभाविक आहे. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे बालपणीचे गाणेही तबकडीवर आहे. 'यंग इंडिया' या मुंबईच्या स्वदेशी छापाखाली कित्येक मराठी कलावंत गाऊन गेले, आणि ज्यांचे गाणे पुढे कधी कॅसेटवर किंवा सीडीवर आलेच नाही अशांची नावे त्या लेबलांवर आढळतात. पत्त्यांतल्या ग्रेट्स्कीचा चेहरा सर्वांना ठाऊक असतो. आपल्या पेटीतली दुर्मिळ तबकडी बहुधा विसरलेल्या माणसाची असते, म्हणून लेबल वाचल्याखेरीज ती कळत नाही.

एक गंमतही सांगून ठेवतो. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या, जगात इतरत्र त्या केव्हाच बंद झाल्यावरही. त्यामुळे बीटल्स या इंग्रजी गायक-चौकडीची गाणी भारतात त्या जुन्या पद्धतीच्या तबकडीवर निघाली, आणि परदेशचे संग्राहक आज तिला मोठी किंमत देतात. छावणीच्या गावात असे काही निघणे अशक्य नाही. पेटीत भैरवी शोधावी आणि पैसे मिळावेत बीटल्सचे, असा हा बाजार आहे.

उघडताना

पत्त्यांची पेटी फोडण्यात धोका आहे तो किमतीचा. तबकड्यांची पेटी उघडण्यात धोका आहे तो मोडतोडीचा, आणि तो बहुतांशी टाळता येतो.

या तबकड्या लाखेच्या. लाख आपल्याच देशातल्या जंगलांतून जगभर जाई. तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून तबकडी दाबून काढीत. ती कठीण पण ठिसूळ, काचेसारखी. दहा इंची तबकडीचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. पन्नास तबकड्या एकावर एक आडव्या ठेवल्या तर सर्वांत खालचीवर दहा किलोंचा भार पडतो. म्हणून पेटी उचलण्याऐवजी जागेवरच उघडावी, आणि वरून एकेक तबकडी दोन्ही हातांनी काठ धरून काढावी. मधली ओढण्याचा प्रयत्न करू नये. काढलेली तबकडी जाड कागदाच्या पाकिटात घालून पुस्तकासारखी उभी ठेवावी.

आपल्याकडच्या पावसाळ्याने तबकडीवर पांढरी बुरशी धरते आणि पाकिटांना वाळवी लागते. ती पुसताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा सुवासिक पाणी यांपैकी काहीही लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हौसेने पुसलेल्या तबकडीचे गाणे त्या फडक्यावर उतरून येईल. आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. फारच मळकट असेल तर साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, कागदी लेबल कोरडे ठेवून, चरींच्या दिशेने पुसावे आणि लगेच सुक्या मऊ कापडाने टिपावे. उन्हात वाळत घालू नये. ती पापडासारखी वाकेल.

आणि सर्वांत मोठा मोह, तो लगेच वाजवून पाहण्याचा. जुन्या फोनोचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक भार पिनेवर टाकतो, आणि पोलादी पिन एका बाजूला एक अशा हिशेबाने बदलायची असते. पेटीच्या कोपऱ्यात पिनांची डबी सापडेल. तिच्यातली गंजलेली वा वापरलेली पिन लावणे म्हणजे नांगर फिरवणे होय. एल.पी.च्या आजच्या यंत्राची पिनही उपयोगाची नाही. ती या रुंद चरीला फार बारीक पडते. हलक्या भाराचे विजेचे यंत्र, ७८ च्या चरीला मापाची पिन आणि एकदाच वाजवून त्याच वेळी संगणकावर उतरवून घेणे, हा शहाणपणाचा मार्ग. काही फार जुन्या तबकड्यांची चर आडवी न हलता वरखाली कोरलेली असते. त्यांना निराळीच गोल टोकाची पिन लागते. पोलादी पिनेने त्या एका खेपेत खराब होतात. अशी शंका आली तर जाणकाराला दाखवूनच पुढे जावे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा संग्राहकांना एकत्र आणण्याचे मोठे काम केले आहे.

वाजवण्याआधी करायचे काम मात्र घरातले कोणीही करू शकेल, आणि शाळेतल्या मुलांना तर ते फार आवडते. एक वही घ्यावी. दर तबकडीचे लेबल वाचून गायकाचे नाव, राग किंवा नाटक, कंपनी आणि तबकडीचा क्रमांक लिहावा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत वर्तुळात बारीक कोरलेले आकडे दिसतात, तेही उतरावेत. लेबल फाटले असले तरी त्यांवरून तबकडी ओळखता येते. मग दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. एवढी यादी हाती असली की व्यापारी पेटीसकट भाव सांगणार नाही. विकायचेच असेल तर डोळे उघडे ठेवून विकता येईल, आणि ठेवायचे असेल तर काय ठेवतो आहोत हे कळेल.

उतरवून घेतलेले गाणे इतरांना द्यावे की नाही, अशी शंका काही जण विचारतात. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो. म्हणजे संस्थानी काळातल्या तबकड्यांच्या मुद्रणाला ती अडचण उरलेली नाही. पद लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो, तेवढे मात्र पाहून घ्यावे.

न उघडलेल्या खोक्यातली भैरवी

पत्त्यांच्या संग्राहकाला पेटी बंद ठेवल्याचा निदान एक फायदा आहे. कागद कोरड्या जागी ठेवला तर वर्षामागून वर्षे टिकतो आणि चित्र आहे तसे राहते. तबकडीचे तसे नाही. बंद पेटीत ओल शिरते, बुरशी वाढते, वजनाने तळाची फुटते, आणि दुसरीकडे त्या गायकाचे नाव ओळखणारी माणसे एकेक करून कमी होत जातात. पत्ता नुसता पाहायचा असतो. गाणे ऐकावे लागते. संगीत शिकवणाऱ्याला हे रोज जाणवते. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीविषयी विद्यार्थ्याला तासभर सांगितले तरी जे उमगत नाही, ते सव्वातीन मिनिटांच्या तबकडीने उमगते. स्वर कसा लावला, श्वास कुठे घेतला, तानेचा शेवट कसा सोडला, हे लिहून ठेवता येत नाही.

याला एक दाखला आहे, आणि तो गोमंतकातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा. त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. खाँसाहेबांनी आवाज दिला नाही. केसरबाईंनी दिला, तोही मोजकाच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी ठेवायची ठरली. पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस नमुने तिच्यात घ्यायचे होते. भारतातर्फे केसरबाईंची भैरवी घ्यावी असे संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी सुचवले. पण ती रेकॉर्ड बाजारातून गेलेली, कुठे मिळेना. निवड करणाऱ्या मंडळींतल्या अ‍ॅन ड्रुयन शोधीत शोधीत न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात पोचल्या. तिथे एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती होत्या, तिन्ही न उघडलेल्या.

त्या प्रती तशाच बंद राहिल्या असत्या तर आज पत्त्यांच्या भाषेत त्यांना चांगला भाव आला असता. पण त्या घेतल्या गेल्या, उघडल्या गेल्या, आणि तिच्यातली साडेतीन मिनिटांची भैरवी ऑगस्ट आणि सप्टेंबर १९७७ मध्ये त्या दोन यानांबरोबर अवकाशात गेली. त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई मुंबईत निवर्तल्या. याने पुढे चालत राहिली; पहिले २०१२ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत गेले. ज्या गुरूचा आवाज कोणत्याही पेटीत मिळणार नाही, त्याची तालीम शिष्येच्या गळ्यातून तिथवर पोचली आहे.

आपल्या प्रत्येक पेटीत असे काही निघेल असे म्हणणे खोटेपणाचे होईल. बहुतेक पेट्यांत चार फुटक्या, दहा घासलेल्या आणि वीस सर्वांकडे असलेल्या तबकड्या निघतील. परंतु आपल्या आजी-आजोबांनी पैसे मोजून काय ऐकले, हे तरी त्यावरून कळेल, आणि एखाद्या घरात एखादी अशी निघेल जी दुसरीकडे कुठे नाही. कोणाच्या घरात, हे उघडल्याशिवाय कळणार नाही. पावसाळा सरून हवा कोरडी झाली आणि दसऱ्याची झाडलोट निघाली की ही पेटीही खाली उतरवावी. दोन माणसांनी धरून, सावकाश. यादी पुरी झाल्यावर तिची एक प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीच्या हाती आपण झाकलेली मूठ देणार नाही.